कापडाआडचा चंद्र

वेवजीच्या रस्त्याला पळस पेटला की मी खिडकी लावून घेतो. बस तलासरी सोडून पुढे निघते, उन्हाला मोहाचा गोडसर, थोडा आंबूस वास येऊ लागतो आणि एखाद्या पाड्यावरून भर दुपारी ढोल ऐकू येतो. लग्नं सुरू झाली. बाकीचे प्रवासी माना बाहेर काढून बघतात, कोणाकडे मांडव पडलाय ते. मी हातातला पेपर वर धरतो. गेली अठरा-एकोणीस वर्षं फाल्गुन-चैत्र मी असेच पेपराआड काढले.

यंदा खिडकी उघडी ठेवली. त्याचं कारण सांगायचं तर आधी कोरियातल्या एका राजवाड्याबद्दल सांगावं लागेल. हे वाचून आमच्या सरावली गावातले लोक हसतील. हसू देत.

माझी मुलगी ऋता सोलला असते. तिथल्या एका प्रयोगशाळेत काम करते. मागच्या मे महिन्याच्या सुट्टीत तिने मला बोलावून घेतलं. मी जिल्हा परिषदेचा मास्तर. डहाणूच्या बाजारात चिकू घेतानाही पाटीतल्या खालच्या थरात हात घालून बघणारा माणूस. विमानात दिलेलं पाणीसुद्धा मी झाकण नीट बंद आहे ना हे पाहून प्यायलो. ऋता म्हणते, "बाबा, तुम्ही माणसांकडे बघता ना, ते हजेरी घेतल्यासारखं बघता. खोटी हजेरी कोण लावतंय ते शोधत असल्यासारखं." स्वतः खोटी हजेरी लावलेल्या माणसाला दुसरं काय दिसणार?

तिथल्या सगळ्यात मोठ्या जुन्या राजवाड्यात, ग्योंगबोकगुंग असं त्याचं नाव, त्यांचा जुना पोशाख घालून गेलं तर तिकीट लागत नाही. ऋताने हे सांगितलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"फुकट कसं सोडतील?"

"सोडतात, बाबा."

"मग पोशाखवाला कापत असेल."

"कापतो थोडं. चला आता."

दुकानातल्या बाईने मला निळा, पायघोळ, छातीवर चौकोनी नक्षी असलेला झगा दिला आणि दोन्ही बाजूंना पंख असलेली काळी टोपी. राजाच्या दरबारातल्या अधिकाऱ्याचा पोशाख म्हणे. माझा शर्ट आणि चपला एका कप्प्यात ठेवून तिने किल्ली माझ्या हातात दिली. मी कप्पा दोनदा ओढून पाहिला. पासपोर्टची पिशवी मात्र झग्याच्या आत कमरेला बांधलेलीच ठेवली, त्यामुळे आरशात तो अधिकारी चांगलाच खातापिता दिसत होता. ऋता हसून हसून खाली बसली.

महाद्वाराशी पहारेकरी बदलण्याचा सोहळा चालला होता. लाल-निळे झगे, चिकटवल्यासारख्या काळ्या दाढ्या, नगारा. मी पुटपुटलो, "हे पगारी आहेत." ऋता म्हणाली, "तुम्हीपण पगारीच आहात." आत गेलो. खांब हिंगुळासारखे लाल, छताच्या कडा हिरव्या-निळ्या, नक्षी इतकी ताजी की काल रंगवली असावी. कुठे पापुद्रा नाही, कुठे पाखरांची घाण नाही. मला ते पटेना. जुनी वस्तू जुनी दिसली पाहिजे. मी एका खांबाला बोट लावून बघितलं, रंग येतो का. एक छोटी मुलगी गुलाबी झगा सावरत थांबली आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मी बोट मागे घेतलं.

सिंहासनाच्या दालनासमोर मोठं पटांगण आहे. त्यात ओबडधोबड दगडांची फरसबंदी आणि दोन्ही बाजूंना लहान लहान दगडी खुणा. कुठल्या दर्जाच्या अधिकाऱ्याने कुठे उभं राहायचं, ते त्या दगडांवर कोरलेलं. ऋताने मला शेवटच्या दगडापाशी उभं करून फोटो काढला. "जिल्हा परिषद इथे," म्हणाली. दगड मुद्दाम खडबडीत ठेवलेत, म्हणजे चालणाऱ्याची नजर खाली राहते, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. मला त्याची गरज नव्हती. खाली बघून चालण्याचा सराव जुना होता.

दालनात जाता येत नाही, उंबऱ्याबाहेरून बघायचं. लोक माना लांब करून आत बघत होते. मीही पायऱ्या चढून डोकं घातलं. आत गारवा, अंधार, आणि अंधाराला डोळे सरावले तसं समोर सिंहासन दिसलं. रिकामं. त्याच्या मागे एक रंगवलेला पडदा. पाच डोंगर, दोन धबधबे, लाल खोडांची झाडं. डोंगरांच्या वर एका बाजूला लाल सूर्य आणि दुसऱ्या बाजूला पांढरा चंद्र.

तो चंद्र पुरा होता. गोल, पांढरा, कुठे पुसट रेघ नाही. मी मोबाईल काढून उंबऱ्याच्या आत हात लांबवला, तसा बाजूला उभा असलेला कर्मचारी पुढे आला आणि त्याने दोन्ही हात छातीसमोर फुलीसारखे धरले. शब्द नाही, राग नाही. नुसती ती फुली.

त्या क्षणी मी राजवाड्यात नव्हतो. वेवजीच्या पाड्यावरच्या एका कुडाच्या घरात होतो, बाहेर चैत्राचं ऊन होतं आणि माझ्या गळ्यात रिळाचा कॅमेरा होता.

आमच्याकडे पूर्वेच्या गावांत वारली घरात लग्न असलं की आतल्या भिंतीवर देवीचा चौक काढतात. भिंत शेणाने सारवून गेरूने लाल करतात आणि तांदूळ भिजवून, वाटून, त्याच्या पांढऱ्या पिठाने सवाशिणी चौक लिहितात. त्या 'काढतात' म्हणत नाहीत, लिहितात म्हणतात. मधे देवी, भोवती नक्षीची चौकट, वर सूर्य आणि चंद्र. लिहून झालं की चौकावर कापड टाकायचं. भगत, म्हणजे पाड्याचा पुजारी, येऊन कापड काढेपर्यंत देवीला कोणी बघायचं नाही. एवढाच नियम. पाड्यावरच्या चार वर्षांच्या पोरालाही तो ठाऊक असतो.

तेव्हा माझी शाळा वेवजीला होती; वर्गातल्या एका मुलीच्या भावाचं लग्न होतं आणि मास्तर म्हणून मला मान होता. चौक लिहिणाऱ्यांत चैतीबाई मुख्य. तेव्हा तिशीची असेल. आजूबाजूच्या पाड्यांतून तिला बोलावणी यायची, कारण तिचा हात थरथरत नसे. बांबूच्या काडीचं टोक चावून तिने कुंचला केला होता आणि करवंटीतलं पीठ घेऊन ती सलग रेघ ओढायची, श्वास न घेता. मी दारातून बघितलं होतं. मग बायका कापड टाकून जेवायला गेल्या.

मला फोटो हवा होता. कशासाठी, ते आजही नीट सांगता येत नाही. कापडाआडचा चौक माझ्यासारख्या बाहेरच्या कोणाकडे नव्हता आणि तो माझ्याकडे असावा, एवढंच. मी आत गेलो. पिठाचा ओला, कच्चा वास होता. कणगीच्या बाजूने वळून मी कापडाचं टोक उचललं, एक फोटो काढला, आणि कापड सोडताना माझी बाही भिंतीला लागली. बघितलंही नाही. बाहेर येऊन पत्रावळीवर बसलो.

भगताने कापड काढलं तेव्हा चंद्रावरून एक आडवा फराटा गेलेला होता. ढोल थांबला. भगत ओरडला नाही. त्याने हळू विचारलं, "आत कोण गेलेलं?"

चैतीबाई म्हणाली, "मी गेलेले. करवंटी राहिली होती."

खरं बोलली, म्हणून अडकली. मी तिच्यापासून तीन हातांवर उभा होतो. माझ्या उजव्या बाहीवर पीठ सुकून पांढरं झालं होतं. मी हात मागे घेतला.

कोणी तिला शिवी दिली नाही. चंद्र पुन्हा लिहिला, लग्न लागलं, लोक नाचले. फक्त त्यानंतर तिला चौकाला कोणी बोलावलं नाही. आधी आमच्या पाड्याने, मग शेजारच्या. कुजबूज चाले: तिने कापड उचललं, तिला बघायची घाई झाली, तिच्या हातात आता तसलं काही राहिलं नाही.

मी स्वतःला बरीच कारणं दिली. मी बोललो तर पालक मुलांना शाळेतून काढतील. एवढ्या कष्टाने जमवलेली पटसंख्या जाईल. ही कारणं मी इतक्यांदा घोकली की मला ती खरी वाटायची. ती खोटी होती. मला लाज वाटत होती, बाकी काही नव्हतं.

आणि मग उलटच सुरू झालं. मला तिचा संशय येऊ लागला. वेवजीच्या बाजारात ती शेवग्याच्या शेंगा घेऊन बसायची; मला वाटे, हिला माहीत आहे. ही मुद्दाम माझ्या वाटेवर बसते. वर्गात पोरं हसली की वाटे, त्यांना कळलंय. चहा देणारा जास्त गोड बोलला की वाटे, काहीतरी काढून घ्यायचंय याला. दोन वर्षांत मी बदली मागून डहाणूकडे आलो, तरी कामासाठी वेवजीच्या रस्त्याने जाणं सुटलं नाही. संशय मात्र माझ्याबरोबर एसटीत बसून आला.

"बाबा, बाजूला व्हा, लोकांना दिसत नाहीये." ऋता माझा झगा ओढत होती.

मी बाजूला झालो. पायऱ्यांवर एक साठीची स्वयंसेवक बाई पर्यटकांना इंग्रजीत माहिती देत होती. मी विचारलं, तो पडदा कोणी रंगवला?

"दरबारी चित्रकारांनी. ते नाव लिहीत नसत."

"पण हे खरं जुनं आहे का?" माझा नेहमीचा प्रश्न.

बाईंना राग आला नाही. "इथलं बरंच काही जळलं, बरंच पाडलं गेलं, पुन्हा बांधलं," त्या म्हणाल्या. "काय जळलं, काय नवं आहे, ते आम्ही तिथे पाटीवर लिहिलंय. वाचा ना."

मी वाचायला गेलो, कारण मला त्यांना पकडायचं होतं. पाटीवर साध्या शब्दांत खरंच लिहिलेलं होतं. हे नष्ट झालं. हे नंतर बांधलं. सकाळपासून जो खोटेपणा मी बोट लावून शोधत होतो, तो त्यांनी दारात लिहूनच ठेवला होता. मग लपवत कोण होतं? अख्ख्या राजवाड्यात मी एकटाच झग्याखाली पिशवी बांधून फिरत होतो.

पटांगणाच्या कडेला दगडी पायरीवर बसून मी ऋताला सगळं सांगितलं. बायकोला कधी सांगितलं नव्हतं ते त्या पंखांच्या टोपीत सांगितलं. दोन-तीन पोरींनी मला जुनं पात्र समजून माझ्यासोबत फोटो मागितला, तिने हाताने थांबवलं.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं म्हणेल, जाऊ दे बाबा, किती वर्षं झाली. त्यासाठीच सांगितलं असणार मी.

"ती बाई आहे अजून?"

"आहे. वेवजीलाच."

"मग मला का सांगताय?" ती उठली. "चला, पोशाख परत करायची वेळ झाली."

कप्प्यात माझा शर्ट होता तसाच होता. चपलाही.

परत आलो तेव्हा जून लागत होता. मी लगेच गेलो असं कोणाला वाटलं असेल तर तसं नाही. शाळा सुरू झाली. मग भाताची आवणी, पूर, रस्ते. मग दिवाळी. मग मला वाटलं, भात झोडून होऊ दे, लोक मोकळे नसतात. नऊ महिने काढले. आठवड्याला ऋताचा फोन यायचा आणि ती शेवटी एकच विचारायची, "वेवजी?" मी म्हणायचो, "बघू." फाल्गुनात पळस फुलला आणि कारणं संपली.

फोटो माझ्याकडे होता. त्या वेळी डहाणूत एकच प्रत काढून घेतली होती, ती जुन्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यात घालून कपाटात. बाहेर काढला. थोडा पिवळा पडलाय. त्यात देवी आहे, चौकट आहे, वर सूर्य आहे, आणि चंद्र आहे. पुरा. बाही लागण्याच्या आधीचा.

चैतीबाई घराच्या पडवीत सूप घेऊन बसली होती. केस निम्मे पांढरे. मला बघून म्हणाली, "मास्तर! तू कसा वाट चुकला?" तिकडे मोठ्यालाही तूच म्हणतात. माझ्याशी बोलताना ती बाजारातली मराठी बोलते, आमच्यासाठी ठेवलेली. तिने आतून पाणी आणलं. मी ते प्यायलो नाही. आधी फोटो तिच्या हातात दिला आणि उभ्या-उभ्या सांगितलं, शाळेचं निमित्तसुद्धा. किती वाक्यं लागली? चार. एकोणीस वर्षं ज्याच्यासाठी पेपर वर धरला, ते चार वाक्यांत बसलं.

ती माझ्याकडे बघत नव्हती. फोटो उन्हात धरून, डोळे बारीक करून, अंगठा चंद्राच्या जवळ नेत होती, पण टेकवत नव्हती.

"पुरा हाय," ती म्हणाली.

"हो."

"फराटा नाय."

"नाही. तो माझ्या बाहीचा. नंतरचा."

तिने फोटो मांडीवर ठेवला. मग स्वतःचा पदर हातात घेतला. माझ्या आत्ता लक्षात आलं, तो कमरेला घट्ट खोचलेला होता, दोनदा गुंडाळून, शेतात वाकताना खोचतात तसा. घरात बसून दाणे पाखडताना कशाला?

"मना वाटं," ती म्हणाली, "माझाच पदर लागला. करवंटी घ्यायला वाकले तवा. लोक कापडाचं बोलत, मी कापड नाय उचललं ते मना माहीत. पण फराटा? तो कुठनं आला? मग मीच म्हटलं, पदर लागला असंल. माझाच."

लोकांनी तिच्यावर संशय घेतला, हे मी धरून चाललो होतो. तेवढंच माझ्या खात्यावर आहे असं समजत होतो. तिने तो स्वतःच्या हातावर, स्वतःच्या पदरावर घेतला असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. जी बाई श्वास न घेता रेघ ओढायची, ती एकोणीस वर्षं कमरेला पदर आवळून वावरत होती.

मी म्हणालो, "चैतीबाई, माझं चुकलं."

"ते दिसतंय मना." तिने फोटो माझ्याकडे सरकवला. "हा तुझ्याकडंच ठेव. आठ दिवसांनी वरच्या पाड्यात लगीन हाय. तिथं आण. जिथं इचारलं तिथं सांग."

"सांगतो."

"का तिथं परत शाळा आठवंल तुला?"

ही टोचणी मी घेतली. ती माझ्याच मापाची होती.

लग्नाच्या दिवशी सकाळीच गेलो. भिंत गेरूने लाल होऊन वाळत होती, तांदूळ भिजत घातले होते, बायका अजून ओट्यावर गप्पा मारत होत्या. मांडवात पुरुष बसले होते. त्या वेळचा भगत आता नाही, त्याचा मुलगा आहे. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि मोठ्याने बोललो. आवाज वर्गातला लागला, तेवढं एक माझ्याकडे होतं. कापड मी उचललं. चंद्र मी पुसला. चैतीबाईने काही केलं नाही. हा फोटो बघा.

फोटो हातोहात फिरला. म्हाताऱ्यांनी तो लांब धरून पाहिला. मग मागून एक आवाज आला, "म्हंजे चोर मास्तर होता व्हय!" आणि दोघं-तिघं हसले. ते हसणं मला बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. भगताच्या मुलाने फोटो कपाळाला लावून माझ्या हातात परत दिला, देवी होती ना त्यात. म्हणाला, "बोलायला लय वेळ लावला तू." मग एवढंच म्हणाला, "बस."

मी बसलो. बायकांच्या घोळक्यात कुजबूज झाली, थोडी चढ्या आवाजातही झाली. चैतीबाई कडेला बसली होती, पायाच्या अंगठ्याने माती उकरत. शेवटी एक जख्ख म्हातारी उठली, हातातली करवंटी चैतीबाईच्या पुढ्यात ठेवली आणि तिच्यावरच खेकसली, "बसलीस काय? तांदूळ काय मास्तर वाटंल?"

चैतीबाईने करवंटी बघितली. लगेच घेतली नाही. मग उठली, कमरेचा पदर सोडला, झटकला, खांद्यावरून मोकळा टाकला आणि आत गेली.

मी सवयीने, दारापर्यंत, दोन पावलं पुढे गेलो असेन. माझ्या जुन्या वर्गातली एक मुलगी, आता दोन लेकरांची आई, उंबऱ्यात आली आणि तिने दोन्ही हात चौकटीला लावून दार अडवलं.

"मास्तर, तू भायेर."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"तिकडं खांबाशी बस. माझ्या नजरंसमोर."

मी खांबाशी जाऊन बसलो. ती उंबऱ्यातून हलली नाही. तिची नजर माझ्या हातांवर होती, बाह्यांवर होती. आतून पाट्यावर तांदूळ वाटल्याचा आवाज यायला लागला, मग तो थांबला, आणि मग बराच वेळ कुठलाच आवाज आला नाही. आत कोणीतरी रेघ ओढत होतं.